नळाआधीचा कागद

बारामतीहून इंदापुराच्या दिशेने नीरा डाव्या कालव्याच्या काठाने चालू लागले म्हणजे उजव्या हातास, कालवा आणि नदी यांच्या दरम्यान, उसाचे फड दृष्टी पोचेल तेथवर पसरलेले दिसतात; आणि डाव्या हातास, जेथे पाटाचे पाणी आपल्या उताराने पोचू शकत नाही तेथे, उपशाच्या जोरावर हिरवी झालेली काही राने सोडली तर, जो माळ सुरू होतो तो थेट सुपे-मोरगावच्या जिरायत टापूला जाऊन भिडतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने हा कालवा खोदविला, १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले, आणि पाणी कोणास, किती व कोणत्या पिकास द्यावे या कज्ज्यावर तोड म्हणून विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॉक पद्धत घालून दिली तीही याच कालव्यावर. अभियंत्याच्या नकाशावरील एका समपातळी रेषेने एका तालुक्याचे असे दोन तालुके केले. त्यात १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने तिसऱ्याची भर घातली. इंदापूर तालुक्यात भिगवण-पळसदेवच्या बाजूस पाणी अथांग आहे. पळसदेवचे जुने देऊळ त्यात बुडाले असून पाणी ओसरले म्हणजे तेवढे वर डोके काढते. परंतु पुणे आणि पिंपरी-चिंचवड या नगरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून येथवर येऊन मुक्कामास राहत असल्यामुळे, काठावरच्या माणसाला ते पाहावेसे वाटते, प्यावेसे वाटत नाही.

कालव्याचे पाणी, टँकरचे पाणी आणि फुगवट्याचे पाणी अशी तीन पाणी ज्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत शेजारी शेजारी नांदतात, तेथील नागरिकाने पाणी व स्वच्छता यांविषयीच्या धोरणात भाग कसा घ्यावा, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द आता इतक्या परिपत्रकांतून फिरून आला आहे की त्याची नाण्यासारखी झीज झाली आहे. श्रमदानाच्या दिवशी फावडे हाती घेणे, मोर्चात रिकामा हंडा डोक्यावर घेऊन चालणे, अथवा मंत्र्यांच्या दौऱ्यात निवेदन देऊन छायाचित्रात उभे राहणे, एवढ्याने सहभाग झाला असे आपण समजतो. यांपैकी काहीही निरर्थक नाही. परंतु नळाला पाणी येणार की नाही याचा निर्णय नळापाशी होत नसतो. तो त्याआधी कित्येक महिने, कोठल्या तरी दप्तरातील एखाद्या कागदावर, एखाद्या ठरलेल्या तारखेस आणि एखाद्या ठरावीक सहीने होऊन गेलेला असतो. आणि आपण नेमके त्या तारखेनंतर जागे होतो. म्हणून नागरिकाने प्रथम शिकावयाचे ते हे की आपल्या पाण्याचा कागद कोणता, तो कोणत्या कचेरीत बनतो, आणि त्यावर सही होण्यापूर्वी आपला शब्द त्यात कसा घालता येतो. हाजीर तो वजीर ही म्हण दरबाराच्या काळातली असली तरी लोकशाहीत तिचा अंमल उठलेला नाही.

या कागदांपैकी पहिला व सर्वांत जवळचा म्हणजे ग्रामसभेचा ठराव. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेस स्थान दिले, आणि १९९३ च्या एप्रिलपासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी व स्वच्छता हे विषय पंचायतीकडे सोपवावयाच्या यादीत घातले. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के अथवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. या साध्या तरतुदीत पुष्कळ गावांची कहाणी सामावलेली आहे. पहिल्या दिवशी कोणी आले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी चारदोघांनी बसून केलेला ठराव हाच गावाचा ठराव ठरतो, आणि मग वर्षभर पारावर बसून त्या ठरावाला नावे ठेवण्याचा हक्क तेवढा आपल्याकडे उरतो. तेव्हा तहकुबीच्या सभेला, विशेषतः तहकुबीच्या सभेला, अवश्य जावे.

जाण्यापूर्वी विषयपत्रिका पाहावी, आणि आपला विषय तीत नसेल तर तो घेण्याबद्दलचा लेखी अर्ज सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या नावे आगाऊ द्यावा. अर्जाची दुसरी प्रत आपल्यापाशी ठेवून तिच्यावर तारखेसह पोच घेण्यास विसरू नये. प्रस्तुत लेखकाने एका कचेरीत, तेथील गृहस्थ ओळखीचे असल्यामुळे पोच मागणे अप्रशस्त वाटून, एक अर्ज तसाच ठेवून दिला होता; पुढे ते गृहस्थ बदलून गेले, अर्ज बारनिशीत चढलाच नव्हता, आणि जो अर्ज नोंदला गेला नाही तो सरकारच्या दृष्टीने लिहिलाच गेला नव्हता. सलगी आणि पोच यांचे वैर नाही, एवढे ज्ञान त्यातून पदरी पडले.

ठरावाची भाषा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘गावातील पाणीटंचाई दूर करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले’ या वाक्याने कोणाच्याही शिरावर काही जबाबदारी येत नाही. त्याऐवजी अमुक वस्तीवरील अमुक इतक्या कुटुंबांना अंदाजपत्रकात नळजोड दाखविले असूनही प्रत्यक्षात वाहिनी अमुक ओढ्यापाशीच थांबली आहे, तरी उपअभियंत्यांनी अमुक दिवसांत स्थळपाहणी करून लेखी खुलासा करावा व तो पुढील ग्रामसभेपुढे ठेवावा, असे लिहिले म्हणजे त्या ठरावाला हातपाय फुटतात. कोणी करावयाचे, काय करावयाचे, केव्हापर्यंत आणि उत्तर कोणापुढे, ही चार अंगे ठरावात असली पाहिजेत. सभा संपण्यापूर्वी ठराव इतिवृत्तात लिहून वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. सभेत बोललेले आणि पुस्तकात उतरलेले यांत पुष्कळदा एवढे अंतर पडते की बोलणाऱ्याला स्वतःचे म्हणणे ओळखू येत नाही.

ग्रामसभेच्या हाताखाली पाण्याचा रोजचा कारभार पाहते ती ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, आणि तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मागणी लोकांची, आखणीत भाग लोकांचा आणि देखभालही लोकांची, हे तत्त्व महाराष्ट्राने २००० सालापासून ग्रामीण पाणीपुरवठ्यात स्वीकारले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशननेही समितीला तोच मान दिला. कागदोपत्री मान पुष्कळ आहे. अडचण इतकीच की समितीतील कित्येक भगिनींना आपण सदस्य आहोत हे सहीसाठी कागद घरी येतो तेव्हा कळते. म्हणून आपल्या गावाच्या समितीची यादी ग्रामपंचायतीतून मागून घ्यावी, ती फलकावर लावावयास सांगावी, आणि समितीची बैठक घरोघरच्या सह्यांनी नव्हे तर एका ठिकाणी बसून होते की नाही हे पाहावे.

समितीने करावयाच्या कामांपैकी एक तर कोणाही गृहिणीला एका बादलीने आणि घड्याळाने करता येईल असे आहे. मिशनचे माप दरडोई दररोज ५५ लिटर हे आहे. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर. नळ पाऊण तास चालत असेल तर मिनिटाला सहा लिटरांहून थोडे अधिक पाणी आले पाहिजे, आणि दहा लिटरांची बादली सुमारे शंभर सेकंदांत भरली पाहिजे. टाकीजवळचा एक नळ, गावाच्या मधला एक आणि शेवटच्या वस्तीवरचा एक, अशा तीन नळांवर आठवडाभर हे मोजून वहीत टिपावे. पाटाच्या पाण्यात ‘टेलच्या’ शेतकऱ्याचे दुःख ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे त्यांना नळातही टेल असतो हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पाणी कमी येते’ हे गाऱ्हाणे झाले. ‘शेवटच्या नळावर बादलीला सव्वाचार मिनिटे लागतात’ हा पुरावा झाला, आणि पुराव्याला उत्तर द्यावे लागते.

पाण्याच्या शुद्धतेचेही तसेच. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो की नाही, शेवटच्या नळावर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन मिळते काय, हे ओटी चाचणीने गावातच कळते; त्या पावडरीत क्लोरीनचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेले आहे काय, हे मात्र नमुना प्रयोगशाळेत पाठवून पाहावे लागते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर उद्भवांची स्वच्छता-पाहणी होऊन ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे अथवा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे विचारून पाहावे. या प्रश्नाने पुष्कळ ठिकाणी एक सूचक शांतता पसरते. बागायती पट्ट्यात तर केवळ जंतूंकडे पाहून भागत नाही. कालव्याच्या अतिपाण्याने जमिनी चोपण झाल्याची ओरड या भागात फार जुनी आहे. त्याच पाण्याबरोबर क्षार आणि खतांतील नत्र विहिरींत उतरते. पाणी दिसावयास निर्मळ, लागावयास किंचित मचूळ, आणि नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे, असे होऊ शकते. आणि पाणी उकळून जंतू मरत असले तरी नायट्रेट जात नाही. तेव्हा रासायनिक तपासणीचा अहवाल वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे असा ठराव बागायतदार गावांनी तरी करावाच.

योजना पुरी होऊन ठेकेदाराकडून ग्रामपंचायतीच्या ताब्यात यावयाची ती घटका सर्वांत जोखमीची. हस्तांतरणाच्या कागदावर सही झाली की गळकी वाहिनी, कमी अश्वशक्तीचा पंप आणि पुढचे वीजबिल हे सारे गावाचे. म्हणून त्यापूर्वी अंदाजपत्रकाची नक्कल मिळवून वाहिनीची लांबी, व्यास व खोली, टाकीची धारणक्षमता आणि नळजोडांची संख्या प्रत्यक्ष ताडून पाहावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कावर तीस दिवसांत माहिती मिळते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, याचा उपयोग फार थोडे लोक करतात. ‘घरोघर नळ’ पोचल्याचा दाखला ग्रामसभेच्या ठरावानेच पक्का व्हावयाचा असतो. एकाही घरी नळ कोरडा असेल तर तो ठराव रोखून धरण्याइतका कणखरपणा गावात असावा. तेथे ठेकेदार पाहुण्यांतला आहे ही सबब चालू देऊ नये.

पैशाविषयी थोडक्यात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित ठेविली, तीत निम्मी पाण्यासाठी व निम्मी स्वच्छतेसाठी. हा खर्च ‘आमचा गाव, आमचा विकास’ या आराखड्यात दिसतो; तो आराखडा ग्रामसभेत ठरताना हजर राहावे, मागाहून फलक वाचू नये. आणि पाणीपट्टी वेळेवर भरावी. जो स्वतः थकबाकीदार आहे त्याचा सभेतील आवाज, कितीही न्याय्य असला तरी, दोन पट्ट्या खालीच लागतो.

स्वच्छतेच्या बाबतीत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्रात गावोगाव खराटे हालविले, आणि २०१४ नंतर शौचालयेही घरोघरी झाली. आता प्रश्न शौचालयाच्या खाली काय आहे हा आहे, आणि धोरण म्हणून याच प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय जिरायत माळावर उत्तम चालते: एक खड्डा भरला की दुसरा चालू करावा, पहिल्यातील मैल्याचे यथावकाश निर्गंध खत होते. परंतु कालव्याच्या खालच्या बाजूस, जेथे पावसाळ्यात पाण्याची पातळी हातभर खणले की लागते, तेथे तोच खड्डा शेजारच्या आडात झिरपत राहतो. सुप्याला जो नमुना योग्य तो सणसर-भवानीनगरच्या पट्ट्यात योग्य असेलच असे नाही. पण सरकारी नकाशा एकच असतो. येथे स्थानिक माणसाच्या ज्ञानाला खरे मोल आहे. आपल्या गावी भाद्रपदात विहिरींची पातळी किती वर येते, काळी जमीन किती खोल आहे, मुरूम कोठे लागतो, हे जुन्या विहीर खणणाऱ्यांकडून लिहून घेऊन ते टिपण आराखड्यास जोडावे. सेप्टिक टाकीचा निचरा उघड्या गटारात व गटार ओढ्यात, ही जी रीत शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत पडली आहे तिच्याविषयी, आणि मैला उपसणारी गाडी तो कोठे नेऊन रिकामा करते याविषयीही, लेखी विचारणा करावी. न्हाणीच्या सांडपाण्यासाठी नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीने केलेल्या शोषखड्ड्यांचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. मात्र नीरेकाठच्या चोपण जमिनीत तो जसाच्या तसा उचलू नये.

गावाच्या शिवेबाहेर निर्णयाची जी ठिकाणे आहेत त्यांत या दोन तालुक्यांना सर्वांत निकटचे म्हणजे कालवा सल्लागार समिती. आवर्तन केव्हा सुटणार व किती दिवस चालणार हे तेथे ठरते, आणि तो शेतीचा प्रश्न आहे असे समजून पिण्याच्या पाण्याचे लोक तिकडे फिरकत नाहीत. वस्तुतः बारामती शहराचे साठवण तलाव आणि कित्येक गावांचे उद्भव याच आवर्तनांवर भरतात. आपल्या तलावाची क्षमता, दिवसाचा उपसा आणि दोन आवर्तनांतील अंतर यांचा हिशेब करून तलाव कोणत्या तारखेस कोरडा पडेल, हे एका पानावर लिहून बैठकीपूर्वी पाटबंधारे खात्यास दिले, तर ते पान चर्चेत येते. जिरायत गावांनी टंचाई आराखड्याचे वेळापत्रक असेच पाठ करावे. तो ऑक्टोबर ते जून या काळासाठी तीन टप्प्यांत होतो. म्हणून पिण्याच्या पाण्याची विहीर कोरडी पडल्यावर मे महिन्यात टँकर मागण्यापेक्षा सप्टेंबरच्या अखेरीस वाड्यावस्त्यांची व जनावरांची गणती पाठविणे शहाणपणाचे.

यापुढची पायरी राज्याची. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याच्यापुढे कोणाही पाणी वापरणाऱ्याला गाऱ्हाणे नेता येते. खडकवासला प्रकल्पातून पुणे शहर मंजुरीपेक्षा अधिक पाणी उचलते, त्यामुळे कालव्याच्या खालच्या शेतकऱ्यांना त्यांचा हिस्सा मिळत नाही, ही कैफियत प्राधिकरणापुढे नेली ती बारामती तालुक्यातील एका शेतकऱ्याने; आणि एवढ्या बलाढ्य महापालिकेला लोकसंख्येच्या मापाने आपल्या वापराचा हिशेब द्यावा लागला. निकालाची अंमलबजावणी हा निराळा अध्याय आहे, पण हिशेब मागता येतो हे सिद्ध झाले. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने धरणांतील शेतीचे पाणी बिगरशेती वापराकडे कसे वळविले गेले हे सरकारच्याच कागदांतून मांडले. जल-अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांनी तर कायद्यात लिहिलेला एकात्मिक राज्य जलआराखडा तयारच झालेला नाही, एवढे एक बोट ठेवून २०१४ साली उच्च न्यायालय गाठले. यांपैकी कोणीही मोठा जमाव जमविला नव्हता. त्यांनी कागद वाचला होता.

याच्या उलट बाजूचा धडाही जवळचाच आहे. २०२१ साली उजनीतून इंदापुराकडे पाच टीएमसी पाणी नेण्याचा आदेश निघाला, सोलापूर जिल्ह्यात त्याविरुद्ध क्षोभ उसळला, आणि काही आठवड्यांतच तो रद्द करावा लागला. इंदापुराची तहान खोटी नव्हती, सोलापूरची भीतीही खोटी नव्हती. पण दोन्ही तीरांची माणसे एका जाजमावर आकडे घेऊन आधी बसली नाहीत, म्हणून प्रश्न पाण्याचा न राहता जिल्ह्याजिल्ह्यांच्या अस्मितेचा झाला. धरणाच्या वरच्या व खालच्या गावांनी आपापसांत पत्रव्यवहार ठेवावा, ही सूचना भाबडी वाटेल. तरी ती करून ठेवतो.

कारखाने आणि आसवनी यांच्या उभारणीच्या वा विस्ताराच्या वेळी होणाऱ्या जनसुनावणीबद्दल स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण या तालुक्यांत ती वारंवार होते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची जाहीर नोटीस वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि पर्यावरणीय अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे पाहावयास ठेवावा लागतो. त्या मसुद्यात पाणी कोठून घेणार, दररोज किती घेणार आणि सांडपाणी कोठे सोडणार, ही तीन पाने प्रथम उघडावी. हरकत लेखी द्यावी, सभेत तोंडीही मांडावी, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखविले जाते तोपर्यंत जागा सोडू नये. बहुतेक मंडळी जेवणाच्या वेळेस उठतात, आणि इतिवृत्त त्यानंतरच वाचले जाते.

शेवटी ज्यांना ग्रामसभेत बोलण्याचा हक्कच नाही त्यांच्याविषयी. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांच्या आसमंतात उतरतात, आणि पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने संसार थाटतात. ते येथले मतदार नाहीत, म्हणून ५५ लिटरांच्या गणितात त्यांची डोकी मोजली जात नाहीत. शौचालयांची संख्या ठरते तेव्हा त्यांच्या बायका कोठे जातील हे कोणी विचारीत नाही. आणि कालव्यातून भरून आणलेले पाणीच ते पितात. मत नसले तरी त्यांच्या बाजूचा विषय मांडण्यास मतदाराला कोणी मनाई केलेली नाही. कोपींच्या तळावर तात्पुरते नळ, स्त्रियांसाठी फिरती शौचालये आणि मैला नेण्याची तजवीज यांचा खर्च कारखान्याने किती व ग्रामपंचायतीने किती सोसावा, याचा ठराव बॉयलर पेटण्यापूर्वीच्या सभेत, म्हणजे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, मांडता येतो. त्यासाठीचा अर्ज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात द्यावा, पोच घेऊन.